दहावीच हाय ती

फिनेलचा वास आला की कळंबजवळच्या रिसॉर्टच्या मागच्या दारातला पहिला दिवस आठवतो. तिथे आई चादरी धुवायची. बी.एस्सी. होऊन मी दोन वर्षं घरीच बसले, तेव्हा एका सकाळी ती मला कामाला लावायला घेऊन गेली. मॅनेजर म्हणाला, "ग्रॅज्युएट मुली नकोत, टिकत नाहीत." मी तोंड उघडायच्या आत आई ओले हात पदराला पुसत म्हणाली, "नाय साहेब, दहावीच हाय ती." पदवीच्या काळ्या झग्यातला माझा फोटो तिनेच देवाशेजारी लावला होता. त्या संध्याकाळी तिनेच तो उतरवून ट्रंकेत ठेवला. आता त्याच रिसॉर्टमध्ये मुलींना कामावर मीच घेते. सोबत आलेली आई "दहावीच हाय" म्हणाली, की मी मान वर न करता तेवढंच लिहून घेते.