रिकाम्या जीपचा हॉर्न

सोपान जीपवाल्याला कुणी सांगितलं की आज सोमवार आहे, तर तो आधी देवळाकडं कान देऊन घंटा जास्त वाजतेय का ते ऐकायचा आणि मगच म्हणायचा, "आसंल." पंपावर डिझेल भरताना आकड्यावरची नजर तो हलवायचा नाही. गॅरेजवाल्यानं नवा म्हणून बसवलेला पार्ट नखानं खरवडून बघायचा. त्याची बायको चारचौघींत सांगायची, "लग्नात अंतरपाट धरला व्हता ना, तवा बी ह्यानी खालनं वाकून बघितलं, पोरगी तीच हाय का दुसरी उभी केलीया." सोपान ते कधी नाकारत नसे. म्हणायचा, "बघितलं तर काय बिघडलं? तीच निगाली."

हा संशय त्याला पाण्यानं दिला. डिंभ्याच्या धरणात त्याचं गाव गेलं तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता. साहेब लोक आले, सतरंजीवर बसले आणि म्हणाले, पाणी देवळाच्या खालच्या पायरीपर्यंत येईल, त्याच्या वर नाही. आता उन्हाळ्यात पाणी लईच उतरलं तर कळस दिसतो. शाळेचंही तसंच. "पंधरा दिवस सुट्टी समजा. वरच्या जागेला शेड उभी राहिली की शाळा चालू." सोपानची धाकटी बहीण शीला तेव्हा सातवीत. हुशार. भांड्यांच्या बैलगाडीत तिनं आपलं दप्तर सगळ्यात वर ठेवलं होतं, वर पोचल्याबरोबर लागेल म्हणून. शेड उभी राहिली तेव्हा शीला अवसरी बुद्रुकला सासरी नांदत होती आणि तिच्या कडेवर लेकरू होतं. दप्तर मात्र इकडंच खुंटीला राहिलं. आईनं पुढं त्यात कांद्याचं बी ठेवलं.

तेव्हापासून कुणी 'थोडे दिवस' म्हटलं की सोपान लगेच बोटं मोजायला घ्यायचा.

पुढं त्यानं जुनी जीप घेतली आणि डिंभे ते घोडेगाव माणशी भाड्यानं वडाप करू लागला. घोडेगावातल्या तालुक्याच्या कॉलेजावरून रोज जायचा, त्यामुळं कॉलेजाची चढ-उतर त्यानं काचेतून पाहिलेली. सुरुवातीला पोरं इतकी की व्हरांड्यात उभी असायची. मग कुणी इंजिनिअरिंगला गेलं, कुणी डीएडला, कुणी पुण्यात खोली घेऊन राहिलं, कुणी सरळ भोसरीच्या कंपनीत लागलं. कला शाखेचा पट उतरला. जून आला की प्राध्यापक मंडळी पिशव्या घेऊन वाड्यावस्त्यांवर पोरं गोळा करायला निघायची. सोपान त्यांना जीपमध्ये घ्यायचा आणि आरशातून बघत राहायचा. शिकवणारा माणूस दारोदार येतोय, म्हणजे ह्यात काहीतरी असणार.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये प्राचार्य स्वतः जीपच्या थांब्यावर आले.

"सोपानराव, पहिल्या वर्षाची तुकडी टिकायची असेल तर वरच्या वस्त्यांच्या मुली यायला हव्यात. घरचे पाठवत नाहीत. एसटीचा भरवसा नाही म्हणतात."

"मंग माझा हाय व्हय?"

"तुमच्या संशयाचा आहे. आया म्हणतात, सोपान नेणार असंल तर धाडतो. तो वाऱ्याला बी पोरीजवळ येऊ देणार न्हाई."

सोपानला ते बोलणं स्तुतीचं वाटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. त्यानं सकाळची एक फेरी मुलींची केली. त्या फेरीत बाप्या माणूस नाही, मग तो सरपंच का असेना. थांब्यावर गाडी आली की एक लांब हॉर्न, आणि पोरगी आत बसून दार लागेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. घरोघरी जाऊन त्यानं आयांना शब्द दिला. सगळ्यात चिवट निघाला तो पहिल्या वर्षाला जायच्या आरतीचा बाप भिमाजी.

"आणि मधीच कॉलेज बंद पडलं तर?"

"बंद पडनार न्हाई. माझी जबान."

बोलून गेला, आणि उतारावर लागल्यावर सोपान स्वतःशीच चमकला. ही जबान दिली कुणी? त्यानंच? कशाच्या जोरावर?

श्रावणात पुण्यात ताप सुरू झाला. डुकरांचा ताप, पण म्हणे आला विमानातून. टीव्हीवर दिवसभर तोंडं बांधलेली माणसं दिसायची. घोडेगावात धरमचंदशेठच्या दुकानी कापूर आणि वेलची हातोहात संपली. लोक पुरचुंडी करून हुंगत फिरायचे. पुण्याहून आलेला माणूस तर चेहरा बघायच्या आधी वासानं कळायचा. रुमालावर निलगिरीचं तेल.

"कुठनं आलाव, पावणं?" सोपान जीपच्या दारातच विचारायचा.

"मंचरवरनं."

"मंचरला आता निलगिरीची झाडं लावली का काय?"

पाहुणा पुढच्या जीपकडं वळायचा.

आणि मग एका सकाळी कॉलेजच्या फाटकाला कुलूप. प्राचार्य तोंडाला रुमाल बांधून बाहेर उभे.

"आठवडाभर बंद, सोपानराव. वरून आदेश आहे."

"वरनं म्हंजी कुठनं?"

"पुण्याहून."

"म्हंजी साथ बी तिथनंच आणि आदेश बी तिथनंच." सोपाननं त्यांच्या डोळ्यांत बघितलं, पण रुमालाच्या वर उरलेल्या डोळ्यांत काही लागेना. "आणि आठवड्यानं उगडंल ह्याला काय?"

"उघडणार हो. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

सोपाननं बोटं मोजायला घेतली. मुली परत सोडून येताना त्यानं पुन्हा कॉलेजसमोर वेग कमी केला. आतमध्ये एक माणूस टेप लावून व्हरांड्याची भिंत मोजत होता आणि खडूनं खुणा करत होता. एवढं पुरे झालं. तुकडी मोडली. आता इथं गाळे पडतील, नाहीतर मंगल कार्यालय. पंधरा दिवस समजा! तीच सतरंजी, साहेब तेवढे बदलले.

आणखी एक गोष्ट त्याला टोचत होती. कंपन्यांतली पोरं तापाच्या भीतीनं गावाकडं पळून आली होती आणि पारावर बसून होती. कॉलेजच्या पोरी घरात बसून होत्या. मधली वडीलधारी माणसं श्रावणामुळं निवांत होती. ह्यातून काय निघणार हे कळायला पंचांग लागत नव्हतं. आणि निघालंच. आरतीची आई चिमाबाई थांब्यावर गवताचा भारा घेऊन उभी होती, ती म्हणाली, "भाऊ, आमच्या आरतीला पावणं येत्यात रईवारी. पोरगा भोसरीला असतो. हे म्हनत्यात, कॉलेजचं आता काय खरं न्हाई."

"आरती काय म्हनती?"

"तिला कोण इचारतंय? भातातलं तण काढती खाली मान घालून."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला सोपाननं जीप काढली.

बायको दारात आली. "कॉलेज बंद हाय ना?"

"हाय."

"मंग कुठं?"

"गाडी गरम ठेवावी लागती."

रिकामी जीप घेऊन तो वर गेला. पहिल्या थांब्यावर थांबला, लांब हॉर्न दिला. कुणी आलं नाही, यायचं नव्हतंच. नेहमीइतकाच थांबला आणि पुढं निघाला. असा शेवटच्या वस्तीपर्यंत गेला आणि तसाच रिकामा घोडेगावला उतरला. हॉर्न वाजला की घरात कुणीतरी म्हणणार, 'कॉलेजची गाडी आली.' दुसरं म्हणणार, 'कॉलेज बंद हाय की.' बंद का असेना, नाव तर निघणार. हॉर्न थांबला की नाव थांबणार, नाव थांबलं की दप्तरात कांद्याचं बी पडणार. त्याला एवढंच कळत होतं. दोन-तीन दिवस त्यानं हेच केलं.

पण लोकांना डोळे होते. रिकामी जीप रोज वर जाते, रोज खाली येते, आणि श्रावण चालू आहे. पुण्याची माणसं भीमाशंकरला जायला टपलेली. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं रंगवायचं. सोपान पोरींच्या फेरीच्या आडून पुण्याचे पाहुणे चोरून वर नेतो. सीटखाली झोपवून नेतो! तो इतकी वर्षं सगळ्यांकडं ज्या नजरेनं बघत आला, त्या नजरेनं आता सगळी वस्ती त्याच्याकडं बघू लागली. तोंडाला पदर लावून बायका रस्त्यावरून बाजूला व्हायच्या. नजर ओळखीची होती, म्हणून जास्त लागली.

शनिवारी आरतीच्या थांब्याजवळ रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. पुढं भिमाजी, मागं चार माणसं.

"उतर खाली. जीप बघायची हाय."

"बघ."

भिमाजीनं मागचं दार उघडलं, सीट उचलली, वाकून हुंगलं. एक मोडकी छत्री निघाली, कुणा पोरीची राहिलेली. बाकी काही नाही. भिमाजी सरळ उभा राहिला तो आणखीच संशयानं.

"मानसं असती तर समजलो असतो. रिकामी जीप कोन फिरवतं, सोपान? डिझेल काय तुझ्या धरणातनं निगतं?"

मागची माणसं हसली. सोपाननं स्टिअरिंगवर हात ठेवला. "आमची शीला आठवती?"

"अवसरीला दिली ती? आठवती की. माझ्याच वर्गात व्हती."

"तिची शाळा पंधरा दिस बंद व्हती."

भिमाजीनं जीपचं मागचं दार लावलं. पाण्याखाली त्याचंही घर होतं. मग म्हणाला, "म्हंजी कॉलेज उगडंल असा तुझा तरी इस्वास हाय का?"

"न्हाई."

"न्हाई? आरं, जबान तर तू दिली व्हती!"

"दिली व्हती. पर मी सोता मोजमाप चालू बघितलंय तितं. मला काय बी खरं वाटत न्हाई."

"मंग हारन कशाला वाजवतो?"

"घरानं इसरू न्हाई म्हनून."

भिमाजीनं पायानं बाभळीची फांदी थोडी सरकवली, जीप जाईल इतकीच. "उद्या पावणं येत्यात. सोमवारी उगडलं तर धाडीन. न्हाई उगडलं तर सुपारी फुटली समज. आणि उद्या रईवार हाय, उद्या तरी कानाला इसावा दे."

रविवारी सोपान सकाळी घरीच बसला. चहा घेतला, परत घेतला. पाहुणे अकराच्या सुमाराला बसणार, पोहे येणार, मग पोरगी बाहेर येणार. ठरलेलं असतं सगळं. तो उठला आणि किल्ली घेतली. बायकोनं ह्या वेळी काही विचारलं नाही. आरतीच्या थांब्यावर त्यानं हॉर्न दिला, रोजच्यापेक्षा लांब, आणि दिल्याबरोबर वाटलं की आपण चुकलो. हे आता उगाच दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं झालं. घराचं दार दिसत होतं, दारात परक्या चपला दिसत होत्या. कुणी बाहेर आलं नाही. तो गाडी वळवून निघून आला.

सोमवारी तो नेहमीच्या वेळेला वर निघाला. पहिल्या थांब्यावर मुली उभ्या होत्या, ओढण्या तोंडाला गुंडाळून. दुसऱ्यावरही होत्या, एक कमी. ती मामाकडं गेली म्हणे. कुठला मामा, ते सोपाननं विचारून घेतलं. आरतीच्या थांब्यावर आरती होती. आणि तिच्या शेजारी धुतलेला सदरा घालून भिमाजी.

"ह्या फेरीत बाप्या मानूस न्हाई," सोपान म्हणाला.

"मी बाप्या न्हाई, बाप हाय." भिमाजी पुढच्या सीटवर चढून बसलासुद्धा. "मला बघायचंय, कॉलेज हाय का नुसतं हारनच."

वाटेतलं शिनोली गाव आलं. मग भिमाजीच बोलला.

"काल तू हारन दिला तवा पावन्यांच्या हातात पोहं व्हतं. त्यांचा म्हातारा म्हनला, कसली गाडी ही? मी म्हननार व्हतो, वडापवाला हाय, येडा झालाय. तर ही आरती दारात ताट घेऊन उभी." त्यानं मान मागं झटकली. "कुणी इचारलं नव्हतं तिला. म्हनली, 'कॉलेजची.' एवढंच. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. आता पोरीनंच तोंड उगडलंय म्हनल्यावर मी काय बोलू? म्हनलो, कॉलेज उगडलं की जाती ती. बघू पुढं."

सोपाननं आरशात बघितलं. आरती खिडकीतून बाहेर बघत होती.

कॉलेजचं फाटक उघडं होतं. सोपान पहिल्यांदाच आत गेला, भिमाजीच्या मागोमाग. ज्या भिंतीवर खडूच्या खुणा होत्या, तिथं नळांची रांग बसली होती आणि साबणाच्या वड्या जाळीत टांगलेल्या. भिमाजीनं एक नळ सोडला, पाणी आलं, तरी दुसराही सोडून बघितला. सोपाननं पाइप कुठून आलाय ते टाकीपर्यंत जाऊन पाहिलं. वर्गात एका बाकावर एकच मुलगी बसवली होती आणि तरी मागचे बाक रिकामेच राहिले होते. प्राचार्य दारात उभे राहून म्हणाले, "पट कमी होता तो असा कामी आला, सोपानराव. पुण्यात एवढं अंतर ठेवायला जागा नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुकडीचं मात्र पुढच्या जूनला परत बघावं लागेल."

"ते वाटलंच मला," सोपान म्हणाला.

भिमाजी दिवसभर कॉलेजसमोरच्या चिंचेखाली बसून राहिला. तास होतात का, पोरी आत आहेत का, कुणी बाहेर येतं का. संध्याकाळी परत जाताना थांब्यावर उतरला, आरती पुढं गेली तरी तो दाराला धरून उभा राहिला.

"उद्या मी येत न्हाई. भातात काम हाय."

"बरं."

"पर हारन दोनदा दे. एका हारनवर माझा इस्वास बसत न्हाई."

सोपाननं मान हलवली. ब्रेकवरचा पाय त्यानं अजून काढला नव्हता. आरती घरात शिरून दार लागलेलं दिसलं, तेव्हाच काढला.