पिते लय, आवाज नाही

"पिते लय. अन् आवाज तं बिलकुलच नाही. बाजूले येऊन उभी राह्यली तरी समजत नाही. मी म्हणतो, वापसच करून टाकू."

हे बोलणं माझ्या सासऱ्यांचं, मामाजींचं. बैठकीत बसून, सासूबाईंशी, अगदी दबक्या आवाजात. आणि मी कुठे? पडद्याच्या अलीकडे, हातात सकाळपासूनचा तिसरा चहा. बाजूला येऊन उभी, आणि कुणाला समजलेलं नाही!

जरा नीट बसा. त्यानंतर मी जो घोळ घातला तो ऐकायचा असेल, तर हातातला कप आधी खाली ठेवा. सांडेल.

तर आत सासूबाई म्हणाल्या, "मले तं पह्यल्यांदाच पटली नव्हती. केवढीशी बुटकी! अन् पुण्यात राह्यलेली, एसीतली. आपल्या इकडचं ऊन झेपन का तिले?"

"तुहा पोरगा दिसण्यावर गेला ना!"

"अन् पुण्यात कोनाच्या हाती होती, काय माईत आपल्याले?"

"जाऊ दे. पण मीनलले कळू नको देऊ सद्या."

मीनल म्हणजे मी. लग्नाला दोन महिने झालेली. उंचीचं विचाराल तर ओट्यावरचा वरचा डबा काढायला मला पाट लागतो. शिकायला पुण्याला होते. चहा म्हणजे माझा जीव. आणि बोलणं? अहो, माझा उखाणासुद्धा माझ्या मावसबहिणीनं घेतला होता!

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता?

तुम्हाला ताटकळत ठेवत नाही, आत्ताच सांगून टाकते. ते गाडीबद्दल बोलत होते. आमच्या ह्यांनी, म्हणजे पंकजनी, पुण्याहून एक जुनी जर्मन गाडी आणली होती. काळीभोर, लांबलचक, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी. कुणा बिल्डरनं हौसेनं घेतलेली आणि हौस फिटल्यावर विकायला काढलेली. एक्सलेटरवर नुसता पाय ठेवला की माणूस पाठीमागे चिकटतो म्हणे. नवी असताना तिच्या किमतीत बंगला झाला असता. जुनी म्हणून ट्रॅक्टरच्या भावात मिळाली, आणि ह्यांचा तोल गेला.

पण आमचं अमरावतीत, राजापेठेत कृषी केंद्र. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. ती वर्षं कशी होती ते तुम्हाला सांगायला नको. बोंडअळी, पडलेला भाव, शेंगेतच काळं झालेलं सोयाबीन. आलेला माणूस बियाण्याची पिशवी हातात घ्यायचा, उलटसुलट करायचा आणि परत ठेवून द्यायचा. त्याच दुकानदाराच्या दारात असली गाडी उभी? मामाजींच्या घशाखाली घास उतरत नव्हता. म्हणून गाडी बडनेऱ्याला, आमचं मोठं रेल्वे स्टेशन आहे त्या गावी. ह्यांचा मित्र इरफानभाई, त्याच्या कापसाच्या गोदामात, ताडपत्रीखाली. आणि मला सांगायचं नाही, कारण मी ते अकोल्याला माझ्या बाबांना सांगणार, आणि बाबा सगळ्या अकोल्याला.

पण हे सगळं मला कळलं फार उशिरा. त्या दिवशी पडद्याआड उभी असताना मला वाटलं, हे सगळं माझ्याबद्दलच. मराठीत सून स्त्रीलिंगी, तशी गाडीही स्त्रीलिंगी, एवढं तिसरीतल्या पोराला येतं. मला आलं नाही.

एसीतली म्हणे! आमच्या होस्टेलात पंखासुद्धा फिरायच्या आधी विचार करायचा. आणि कोणाच्या हाती म्हणजे काय? आमच्या रेक्टरबाईंच्या हाती होते मी! संध्याकाळी सातनंतर गेटबाहेर पाऊल टाकलं असेल तर शपथ.

पण हे आत जाऊन सांगणार कोण? मी तो चहा मोरीत ओतला आणि ठरवलं, आपण सुधारायचं. वापस पाठवायला कारणच ठेवायचं नाही.

चहा बंद केला. दुसऱ्याच दिवशी डोकं असं दुखायला लागलं, की देवघरातली घंटा कानाच्या आत वाजतेय असं वाटावं. सासूबाई कप घेऊन आल्या. "काहून वं, घेत नाही? तब्बेत बरी नाही का?"

"नको आई. मी फार पीत नाही."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. रोज तीन कप पिणारी बाई!

मग ऊन. अकोल्याच्या पोरीला ऊन झेपणार नाही? अहो, अकोल्याचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला अमरावती म्हणजे माथेरान! भर मे महिन्यात, दुपारी दोनला, मी गच्चीवर गेले आणि वाळलेले कपडे एकेक झटकून, घडी करून, परत उलगडून, परत घडी करत उभी राहिले. खालून सासूबाईंचा आवाज आला, "मीनल! अवं माय, भुंजून जाशीन! उतर खाली!"

"मला काही होत नाही, आई!" मी वरून म्हटलं. तळपाय दुसरंच काही सांगत होते.

राहिला आवाज. आवाज नाही म्हणता ना? मी भांडी आपटायला सुरुवात केली. कढई ओट्यावर, झाकण कढईवर, पळी झाकणावर. बांगड्या मुद्दाम खळखळ वाजवत चालायचं. खोलीत शिरताना दोनदा खाकरायचं. संध्याकाळी सासूबाई हळूच जवळ आल्या. "माय, मनात काही असन तं सांग. भांड्याइले काहून मारून राह्यली?"

काय सांगणार? म्हटलं, "काही नाही." आणि जाताना पेला पाडला. मुद्दाम.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याला सरळ विचारायचं ना! विचारणारच होते. पण हे त्या दिवसांत माझ्या नजरेला नजरच देत नव्हते. जेवताना पोळी हातात धरून भिंतीकडे बघायचे. त्यात अंगणात फोनवर बोलताना मी ऐकलं, आणि उरलंसुरलं अवसानही गेलं.

"सोडाव वाटत नाही रे इरफान. पाह्यली तवापासून झोप नाही मले."

माझे डोळे भरून आले. बघा, निदान एक माणूस आपल्या बाजूनं आहे!

"पण बाबा ऐकूनच नाही राह्यले. तू सद्या बडनेऱ्यालेच ठेव. कोनाले दिसली नाही पायजे." मग थोडं थांबून एक मोठा सुस्कारा. "हाव. मंग पाहू एखादी दुसरी. साधी, आपल्या इकडली, कमी खर्चाची."

दुसरी!

मी तशीच माजघरात जाऊन भिंतीला टेकून बसले. बडनेऱ्याला ठेवणार म्हणजे? स्टेशनवर? तिकीट काढून देणार की तेही बाबांनीच काढायचं? आणि दुसरी कमी खर्चाची? माझा खर्च तरी काय होता? चहा तर मी केव्हाच सोडला होता!

शेवटी मी बाबांना फोन लावला. माझे बाबा मराठीचे मास्तर. वर्गात पोरांकडून लिंग, वचन, विभक्ती घोकून घेण्यात त्यांची उमर गेली. आवाज चढवणं त्यांना माहीत नाही.

"बाबा, हे लोक मला वापस पाठवून राह्यले."

"काय? कारण काय?"

"चहा."

"चहा?"

"आणि उंची."

"मी उद्या येतो," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते बडनेऱ्याला उतरले आणि ऑटोनं दारात. अंगात लग्नात घातलेला इस्त्रीचा सदरा. सासूबाईंनी "या इवाईबुवा" म्हणून व्याह्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. मामाजी, सासूबाई, हे, सगळे बैठकीत. मी पुन्हा पडद्याच्या अलीकडे. माझी ती जागा आता ठरलेलीच होती.

बाबा एकच वाक्य बोलले. "मला सगळं कळलं आहे."

मामाजींचा चेहरा पडला. ह्यांच्याकडे रागानं पाहत म्हणाले, "सांगतलंच का शेवटी!" मग बाबांकडे वळून, "मास्तर, आता लपवून काय फायदा? चूक आमच्या पोराची हाय. रंग पाह्यला अन् पागल झाला. मांगचा-पुढचा विचार नाही."

"आणि आता विचार सुचला?" बाबांनी विचारलं.

"सुचलाच ना. मास्तर, तुमीच सांगा, आमच्या घरात शोभते का? साल हे असं. दुकानात माणूस एका पिशवीसाठी चारदा विचार करते, अन् आमी असली दारात मिरवाव? लोकं तोंडात शेण घालतीन."

"माणसाला शब्दाची काही किंमत असते की नाही?"

"शब्द तं त्यायनं पाळला ना! पुण्याची पार्टी वापस घ्यायले तयार हाय."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "पुण्याची पार्टी? ती कोण?"

"कोन म्हणजे? ज्याच्याजवळ आधी होती तोच! मोठा बिल्डर हाय म्हणते. असं बी म्हणे, दोन-चार दिवस ठेवून पाह्यली असन तरी घेतो."

बाबांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. माझे बाबा! ज्यांनी मला कधी 'कुठे होतीस' एवढंही विचारलं नाही. त्यांच्या त्या नजरेत एक प्रश्न होता. आणि तो प्रश्न मला सोसवला नाही.

पडदा कसा बाजूला झाला मला आठवत नाही. पुण्यात घासूनपुसून गुळगुळीत केलेली माझी भाषा त्या पडद्यातच अटकून राहिली आणि तोंडातून निघालं ते थेट अकोलं.

"कोन बिल्डर? मी कोन्या बिल्डरले वळखत नाही! अन् तुमाले नाही ठेवाची तं नका ठेवू. मीच जातो! पण जायच्या आंधी ऐकून घ्या. आई, तुमच्या वरनाले काहीच चव नसते. दोन महिने झाले, मी गपचूप त्याच्यात मीठ, हिंग अन् तिखट टाकून राह्यली, तवा कुठं घरचे वाटी मागून राह्यले! मामाजी, तुमी बातम्या ज्या आवाजात लावता ना, त्या सगळ्या राजापेठेले घरी टीव्ही घ्याची गरज नाही! अन् तुमी!" मी ह्यांच्याकडे वळले. "तुमी झोपेत मोटार चालवता! गिअर टाकता! रोज माह्या बरगडीत तुमचं कोपर असते अन् मी एका शब्दानं बोलत नाही! अन् मीच का खर्चाची? पाहा आता दुसरी, साधी, कमी खर्चाची! मले पाहाचं हाय, कोन येते या घरात!"

सासूबाईंचा हात तोंडावर. मामाजी खुर्चीत अर्धे उठलेले, तसेच. ह्यांचं कोपर, कोण जाणे का, त्यांनी दुसऱ्या हातानं झाकून धरलेलं. बाबा मात्र माझ्याकडे असे पाहत होते, जसं वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकावरच्या पोरीनं अचानक उभं राहून उत्तर द्यावं.

तेवढ्यात दारातून घामाघूम झालेला एक माणूस आत आला. हातात किल्ली.

"चाचा, पुना निकलने के पहले कागज़ के वास्ते लेके तो आया मैं, लेकिन आपकी गली में फस गई। नाली की फर्शी पे पेट टिक गया उसका। चार लोग लगेंगे उठाने को।" मग मला पाहून त्यानं हात कपाळाला लावला. "सलाम भाभी। मैं इरफान। आपने देखी क्या गाड़ी?"

"कोणती गाडी?" मी विचारलं.

बाबा उठले, खिडकीशी गेले आणि बाहेर पाहून आले. परत येऊन खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, आणि अगदी हळू आवाजात, वर्गात म्हणत असतील तसं म्हणाले, "गाडी. स्त्रीलिंगी."

मला सगळं एकदम समजलं. पिते म्हणजे पेट्रोल. बुटकी म्हणजे बसकी. एसीतली, आवाज नसलेली, पुण्याहून आणलेली, ताडपत्रीखाली झाकलेली. ह्यांनाही समजलं, कारण त्यांचे खांदे हलायला लागले होते. मामाजींनी मिशीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

फक्त सासूबाई हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे एकटक पाहत होत्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, मला वाटतं, मी त्यांना पूर्ण दिसत होते. त्यांनी हळूच विचारलं, "मीनल, माह्या वरनाले… चव नसते?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. ह्यांचं हसू थांबलं. इरफानभाई दारातच उभा. बाबांनी चष्मा घाईघाईनं परत डोळ्यांवर चढवला. आता या घरात राहायचं की नाही, हे खरोखरच माझ्या एका वाक्यावर होतं. आणि मी, पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हटलं,

"अवं आई, मी बी गाडीचंच बोलून राह्यली होती ना!"