वाघाचं ब्लँकेट आणि नाटककाराची खोकी

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका नाटककाराचे कागद जपून ठेवलेत. थंडगार खोलीत, करड्या पेट्यांत, हात स्वच्छ धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही अशा थाटात. त्यातल्या एका पानावर माझं अक्षर आहे. ते तिथं चुकून गेलेलं नाही. मी पाठवलं, आणि त्याचा आनंद मला अजून पुरतोय.

नव्वदच्या दशकात हा माणूस अमेरिकनही नव्हता आणि नाटककारही बेताचाच होता. मस्कतमध्ये एका बांधकाम कंपनीत नकाशे पाहून सळया-सिमेंटचा अंदाज काढायचा. तिथल्या हमरिया भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये एकटा राहायचा आणि जेवायला आमच्याकडे असायचा. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी त्याचं नाटक व्हायचं. तालमी गुरुवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये, कारण शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी आणि आमचा सोफा मोठा. ऑफिसातून आणलेल्या, कडेला भोकं असलेल्या कागदांच्या पाठीवर तो तिथंच बसून लिहायचा. मी पोहे करायची.

तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावी. सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं तर सोफा जुना होईल म्हणून पाहुण्यांना चार वर्षं घामाघूम बसवणारी बाई. अरबी शब्द दोनच येत, खलास म्हणजे संपलं आणि यल्ला म्हणजे चला, पण सुट्टीत गावी गेले की भाजीवालीलाही ऐकवायची. आणि घरात लेखक बसतो याचा तोरा इतका, की मैत्रिणींना फोन करून सांगायची, "काल आमच्याकडे दुसरा अंक झाला." जणू बाळंतपण माझं.

अशाच एका गुरुवारी रत्नागिरीहून भावाचा फोन आला. आई गेली होती.

मी हॉलमध्येच उभी होते. तालीम थांबली. मी रडले, कधी, कसं, ते विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "दादा, कार्गो पोचलं का रे?"

तिकडून भाऊ म्हणाला, "परवाच आलं. खोकं अजून फोडलं नाही."

त्या खोक्यात दूध पावडर होती, साबण होते, आणि सगळ्यांत खाली वाघाचं चित्र असलेलं ते जाड ब्लँकेट होतं. आखातातून घरी जाणाऱ्या प्रत्येक खोक्यात असायचं तसलंच. आईला शेवटी शेवटी भर वैशाखातही थंडी वाजायची. जहाजाच्या कार्गोला महिना-दीड महिना लागतो हे मला ठाऊक होतं, पण विमानाने वजन परवडेना. तेवढंच मला विचारायचं होतं: तिच्या अंगावर पडलं का.

त्या वर्षीच्या नाटकात एक गल्फवाली काकू होती. सभागृह हसून लोळत होतं. प्लास्टिकचा सोफा, खलास, यल्ला. मी सगळ्यांत जोरात हसत होते. शेजारणीला कोपर मारून म्हणालेसुद्धा, "तिसऱ्या मजल्यावरची आहे, हुबेहूब." तिसऱ्या मजल्यावरची मागच्याच रांगेत होती. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्यावरून शहाणीला कळायला हवं होतं.

मग स्टेजवर फोन वाजला. काकूची आई वारली. काकूने पदर डोळ्याला लावला, हुंदका दिला, आणि म्हणाली, "ते जाऊ दे. कार्गो पोचलं का रे?"

टाळ्या थांबेनात. माझं तोंड हसण्याच्या आकारातच राहिलं, आवाज मात्र बंद झाला. आणि त्याहून मूर्खपणा पुढे. प्रयोगानंतर सगळी मंडळी आमच्याकडे आली, आणि मी त्यालाच विचारलं, "भावोजी, खोबरं घालू का अजून?"

"घाला की," तो म्हणाला. "काकू कशी वाटली?"

"छान," मी म्हणाले.

पुढे मी त्याच्या पोह्यांत शेंगदाणे घालणं बंद केलं. सूड घ्यायची माझी ऐपत तेव्हा एवढीच. त्याला कळलंही नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी बहिणीच्या ओळखीने तो अमेरिकेला निघाला. सामानाचं वजन जास्त होत होतं, म्हणून कागदांची दोन खोकी माझ्याकडे आणून टाकली. चारी बाजूंनी मार्करने स्वतःचं नाव लिहून, नायलॉनची दोरी आवळून, आखातात कार्गो बांधतात तशी. "वहिनी, तुमच्याइतकं जपून कोण ठेवणार?"

जपलं तर. पहिल्या खोक्यातल्या नाटकांत मी काचेचे बाऊल गुंडाळून गावी पाठवले. एकही फुटला नाही, एवढं श्रेय त्याच्या लेखनाला देते. दुसरं खोकं उघडलं तर वरच काकूचं नाटक. ते मी परत बांधलं आणि आम्ही मस्कतमध्येच बौशरला घर बदललं तेव्हा सोबत नेलं.

मग बऱ्याच वर्षांनी एके दिवशी त्याचा फोन. काकू अमेरिकेत इंग्रजी बोलू लागली होती, तिला बक्षीस मिळालं होतं आणि विद्यापीठ त्याचे सगळे कागद मागत होतं. "मूळ मराठी प्रत तुमच्याकडेच आहे, वहिनी. दुसरी नाही."

"शोधते," मी म्हणाले. खोकं पायाशीच होतं. त्याला चार वेळा फोन करायला लावले. दर वेळी म्हणायची, "इन्शाल्ला."

शेवटी ग्रंथालयातल्या बाईचाच फोन आला. गोड बाई. म्हणाली, काही पुसू नका, पिना काढू नका, डाग असले तर असू द्या. कागद आमच्याकडे आला की जसा आला तसाच कायम राहतो, लेखकालाही त्यातलं काही बदलता येत नाही.

"लेखकालाही?" मी दोनदा विचारलं.

नातू झोपला होता. मी खोकं फोडलं, फोनचा प्रवेश काढला आणि बॉलपेनने "ते जाऊ दे" वर काट मारली. समासात लिहिलं: "हे बाई म्हणालीच नाही. हे लेखकाने घातलं. खोक्यात आईसाठी ब्लँकेट होतं. आईच्या अंगावर पडलं का, एवढंच तिने विचारलं. लेखक तेव्हा तिच्याच सोफ्यावर बसून तिचेच पोहे खात होता." खाली पूर्ण सही केली. मग कुरिअरवाल्याला बोलावलं.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला. आवाज बसलेला.

"वहिनी, त्या पानावर तुम्ही..."

"हो."

"मी त्यांना म्हटलं काढा. काढत नाहीत. एक मुलगी माझ्या नाटकांवर अभ्यास करते, ती विचारत होती या बाई कोण."

"मग काय सांगितलंत?"

मी घाई केली नाही. फोनचे पैसे त्याचे होते. मग तो अगदी हळू म्हणाला, "वहिनी, पोचलं होतं का ते ब्लँकेट?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला. भावाचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. खोकं फोडलं नव्हतं, ब्लँकेट पुढे दादाच्या बायकोने तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना अंथरायला काढलं, तेही.

"नाटककार तुम्ही, भावोजी," मी म्हणाले. "तुम्हीच घाला काहीतरी."

आणि फोन ठेवला. अजून त्याला सांगितलेलं नाही.