परवाची गाडी नाही

सन १९६७. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस. धुळ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी शिपाई, आणि दातांचा डॉक्टर माझा साहेब. समोर माणूस बसला की हा नाव विचारायचा नाही. हनुवटीखाली वाकडं बोट घालून मुंडकं वर उचलायचा आणि म्हणायचा, "आ." बैलाचे दात बघतात तसं. बैलाला निदान पाठीवर थाप तरी मिळते.

माझं काम बॅटरी धरायचं. शाळा माझी चौथीपर्यंत, पण हात कधी हलला नाही. तरी रोज ऐकायचं, "नीट धर, गाढवा." मी गप्प राहायचो. मनातून त्याला कधी साहेब म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. अक्कल पुष्कळ, आणि माज त्याच्याहून पुष्कळ.

अक्कल होती, हे नाकारत नाही. तोंडात एकदा बघितलं की सांगायचा, "दोंडाईच्याचा हमाल. तंबाखू डाव्या गालात." खरंच असायचं. चिमूट जिथं दाबून ठेवायची तिथंच पांढरा चट्टा. मिसरी लावणाऱ्या बायांचा हिरडीवर, बिडीवाल्यांचा ओठाच्या कोपऱ्यात. सुपारी चघळणाऱ्या दुकानदारांचे गाल आतून चामड्यासारखे ताठ, आ म्हटलं तर दोन बोटं जेमतेम जायची.

चट्टा बिघडलाय का हे कळायला पहिला सवाल ठरलेला. "तिखट झोंबतं का?"

आता खान्देशातल्या माणसाला हे विचारणं म्हणजे त्याची मिशी ओढणं. कोण हो म्हणेल? सगळे खोटं बोलायचे. म्हणून ह्यानं टेबलाच्या खणात हिरव्या मिरच्या ठेवल्या होत्या. रोज सकाळी बाजारातून ताज्या आणायचं काम माझं.

शिंदखेड्याकडचा एक शेतकरी आला. मान ताठ करून म्हणाला, "आम्हले मिरची कशी झोंबी, डागदर?"

"चाव."

चावली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"झोंबत नाही ना? मग रडतोस कशाला? बाप मेला का तुझा?" सगळा बाक हसला. मग ह्यानं हुकूम सोडला, "मुंबईला जायचं. कापून काढतील. उद्याची गाडी. परवाची नाही."

"कापूस येचाई जाऊ द्या, साहेब. दुखस बी नही."

"दुखत नाही तेच वाईट, बैला!"

बैल म्हटल्यावर कोण ऐकतो? दोन गोड शब्द बोलला असता तर गेला असता बिचारा. कापूस वेचून आला तेव्हा जबड्याला फडकं बांधलेलं होतं. डॉक्टरनं लांबूनच बघितलं, "आता कशाला आलास?" म्हणाला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मी त्या माणसाला बाहेर नेऊन पाणी पाजलं. पाणी गालातून बाहेर आलं. त्या दिवसापासून ह्या डॉक्टरचं तोंड बघितलं की मला शिसारी यायला लागली.

त्या खिडकीचं गुपित मला ठाऊक होतं. तिकडे तोंड करून तो खिशातून डबी काढायचा, चिमूट डाव्या गालात सरकवायचा आणि वर लवंग चावायचा, वास लपवायला. लोकांना बैल म्हणणारा हा! मी मनात थुंकायचो.

तो पुण्याकडचा. "तुमच्याइतकंच तिखट खातो मी," ही त्याची फुशारकी. खानावळीतून शेवभाजी यायची, लाल तर्रीची. एक दिवस बघतो तर नळाखाली भाजी धुतोय. धुतलेली शेव भातात कालवून, डोळे मिटून गिळतोय. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी डबा तसाच परत.

दुपारी बाकं रिकामी झाली. मी दार लावलं, खणातली मिरची काढून त्याच्यापुढे ठेवली. "चावा, साहेब."

"तुझी लायकी काय रे?"

"काही नाही. चावा."

"चल, नीघ इथून."

मी हललो नाही. हट्टात मी कोणाला हार गेलेलो नाही, घरच्यांना विचारा. तो मिरचीकडे बघत राहिला. हात लावला नाही. मग स्वतःच खुर्चीत मागं रेलला, आणि त्या माणसानं माझ्यासमोर आ केला. मी बॅटरी धरली. डाव्या गालात, पार मागं, चुना लावल्यासारखं पांढरं आणि मधे लाल. मला त्यातलं कळत नाही, पण त्याच जागी दुसऱ्यांच्या तोंडात हाच उजेड मी पाडला होता. माझा हात पहिल्यांदा हलला.

तोंड मिटून हळूच म्हणाला, "दुखत नाही रे."

मी बॅटरी विझवली.

"मुलीचं लग्न ठरलंय. अक्षय्य तृतीया झाली की जातो."

"उद्याची गाडी," मी म्हणालो. "परवाची नाही."

वाटलं, आता गाढव म्हणेल. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

पुढं त्याचा अर्धा जबडा काढला. जगला, पण त्या खुर्चीत परत बसला नाही. त्याच्या जागी आलेला डॉक्टर फार गोड होता, "आ करा हं, काका" म्हणायचा. त्याचा चेहरासुद्धा मला आठवत नाही. ह्याचं वाकडं बोट आठवतं. शिसारी अजून येते, आणि आठवण काही जात नाही.

त्यानं आ केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरच्या आणायला बाजारात गेलो नाही. मुंबईकरता चाळीसगावच्या गाडीची वेळ धरून टांगा आणला, आणि त्याच्या दारात उभा राहून कडी वाजवली.