पत्रिकांचं अंथरूण

डॉक्टरांनी पत्नीला अंडी खायला सांगितली तेव्हा आमच्या शाकाहारी घरात बरीच चर्चा झाली. विकतचं अंडं वाईट, घरचं त्यातल्या त्यात बरं, असा निकाल लागला आणि परसात सहा कोंबड्या आल्या.

खुराड्यात चार बोटं जाड कोरडं अंथरूण लागतं. आमच्या लोणखेड्यात भाताचा तूस सहज मिळत नाही, आणि वर्तमानपत्रांची रद्दी पपई गुंडाळायला जाते. उरतो घरातला किरकोळ कागद: विजेची बिलं, बँकेची पाकिटं आणि लग्नपत्रिका.

मी हे काम नियमाने करतो. टाचण्या काढायच्या, कारण कोंबड्या त्या टिपतात. चकचकीत कागद वर्ज्य, तो ओल शोषत नाही. देवाचं चित्र कातरून डब्यात ठेवायचं. राहतो पत्रिकेचा आतला कागद, नावांच्या यादीचा. तो साधा आणि जाडसर असतो. मी भिजवून, तोलून पाहिलंय, वर्तमानपत्राच्या दीडपट पाणी धरतो. शिवाय आमच्याकडे यादी लांब असते, कारण एक काका छापायचा राहिला तर त्याचं सगळं घर रुसतं. मानपान जितका जास्त, तितकं अंथरूण जाड.

या उन्हाळ्यात चुलत दादा आणि वहिनी मुलाच्या लग्नाचं निमंत्रण घेऊन आले. दादा माळकरी, आमच्या भाऊबंदांत उरलेले एकटेच वडीलधारे. अंगणात मी फाडलेल्या पट्ट्या उन्हात घातल्या होत्या. शेजारी देवांचा डबा उघडा होता. दादांनी एक पट्टी उचलली. ती त्यांच्याच मुलीच्या लग्नपत्रिकेची होती आणि तिच्यावर 'कै.' लावून त्यांच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं, सबंध नाव होतं.

“देव काढी लिधात,” दादा म्हणाले. “मंग मन्हा बाप काय तुन्हा दुश्मन व्हता?”

“दादा, तो कागद वल चांगली धरस.”

हे उत्तर चूक होतं असं मला वाटत नाही. फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं.

दादांनी आम्हाला द्यायला काढलेली पत्रिका परत पिशवीत घातली, वहिनींनी कुंकवाचा करंडा मिटला, आणि पाणीही न घेता दोघं गेले.

म्हणजे पुतण्याचं लग्न दोन गल्ल्यांपलीकडे, वाजंत्री आमच्या ओसरीवर ऐकू येणार, आणि आम्ही दार लावून बसणार. पत्नी म्हणाली, “तुमना हिशोब बरोबर शे ना? मंग जाईसन त्यासले समजाडा.”

गेलो. आधी मात्र सगळं खुराडं उपसून काकांच्या नावाचे तुकडे शोधले. जे सापडले ते गोमाई नदीत सोडले. बाकीचे खताबरोबर आधीच परसातल्या लिंबोणीखाली गेले होते. दादांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. अर्धवट सांगणं मला जमत नाही.

दादांनी गळ्यातली माळ चाचपली.

“मन्हा बाप लिंबूले घाला?”

“हा, दादा.”

“शोभस,” ते म्हणाले. “म्हतारा आंबटच व्हता.”

आत वहिनींचं हसू फुटलं. त्या करंडा घेऊन बाहेर आल्या, मला कुंकू लावलं आणि सहकुटुंब निमंत्रणाची पत्रिका हातात दिली. व्यवस्थापकांच्या यादीत माझं नाव तिसरं होतं.

“हाई तरी सांभाळीसन ठेवजात, भाऊ,” त्या म्हणाल्या.

लग्न चांगलं झालं. व्यवस्थापक या नात्याने मला पाण्याच्या जारांजवळ बसवलं, आणि मी ते मोजले. किती ते कोणी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात दादांच्या घरून एक पिशवी आली. तिच्यात वाटून उरलेल्या पत्रिका होत्या. वहिनींनी प्रत्येकीतून देव आणि सगळे कैलासवासी कात्रीने नीट काढून घेतले होते. सोबत निरोप होता: “जित्ता चालतीन.” जिवंत माणसं कोंबड्यांखाली चालतील.

मी पट्ट्या फाडायला बसलो. माझं नाव दर पत्रिकेत येत होतं, आणि पहिल्या काही मी बाजूला ठेवल्या. पत्नीने ते पाहिलं.

“तुमनं काय न्यारं शे?”

काही नव्हतं. मी भिजवून, तोलून पाहिलं. इतरांइतकीच ओल धरतं.