रोझालिनाबाईंनी लपवलेलं

आचऱ्याच्या शाळेत रोझालिनाबाईंनी दोन पिढ्यांना बाराखडी शिकवली. पुढे नवरा विन्सेंट गेला, मुलगा डेन्झिल मस्कतला स्थिरावला. घरात उरल्या त्या आणि त्यांचा मधुमेह. तो डॉक्टर सिद्धेश सामंतांनी पहिल्यांदा पकडला, तेव्हा बाईंचे केस काळे होते. तेव्हापासून ताप असो की दाढदुखी, बाई पहिली पायरी चढायच्या ती त्यांच्याच दवाखान्याची.

यंदा मात्र साखर कह्यात येईना. कधी भलतीच चढे, कधी इतकी उतरे की बाईंना दरदरून घाम फुटे. सुट्टीवर आलेल्या डेन्झिलने हट्टाने गोव्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी इन्शुलिन वाढवलं. तो परत गेला आणि आठवडाभरात बाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसल्या. शेजारच्या आनंदीने घाईघाईने साखरपाणी पाजलं आणि सामंतांना फोन केला.

डॉक्टर आले. बाईंना हुशारी वाटेपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, "बाई, सुई कशी भरतात ती माका दाखवा."

बाईंनी सिरिंज खिडकीकडे धरली, मग डोळ्यांजवळ, मग पुन्हा लांब. दट्ट्या ओढला तो ठरलेल्या मात्रेच्या जवळजवळ दुप्पट. मग बाईंनीच सिरिंज खाली ठेवली.

"आकडे दिसनत नाय. अंदाजान भरतंय."

"मगे सांगूक नाय कित्याक?"

"कोणाक सांगू? आख्ख्या गावाक वाचूक शिकवलंय मी."

आनंदीने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरांनी हलकेच विचारलं, "आणखी काय लपवून ठेवलात?"

बाईंनी वाकून डाव्या पायातला मोजा काढला. करंगळी काळी पडली होती. दुखत नव्हती, म्हणून बाईंनी मनाची समजूत घातली होती.

डॉक्टरांनी त्यांना स्वतःच्या गाडीतून इस्पितळात नेलं. करंगळी गेली, पाय वाचला. एका डोळ्याची नजर काही परत आली नाही. दुसरा लेझरने कसाबसा टिकला.

आता सुई आनंदी भरते. पहिले काही दिवस बाई तेवढा वेळ मान फिरवून बसत. डॉक्टर शनिवारी घरी येतात, आधी पाय बघतात, मग साखर.

परवा डेन्झिलचा फोन आला. "मम्मा, बरां आसा मां?"

"नाय रे," त्या म्हणाल्या. "उरलेलो डोळो जायत काय, ह्येचा भिया वाटता."