दुःख नसलेली गायिका

व्हर्डेल बुकर चांगली गाते, हे न्यूअर्कच्या आमच्या वस्तीत कुणी नाकारत नव्हतं. फक्त ती जॅझ गायिका आहे, हे कुणाला पटत नव्हतं. कारण एवढंच की बाईला दुःख नव्हतं.

जॅझ गाणारीचा नवरा पळून गेलेला असावा, निदान पिऊन धिंगाणा घालणारा तरी असावा, अशी आमच्याकडे ठाम समजूत. व्हर्डेलचा ऑगस्टस टपाल वाटायचा, पगार घरी आणायचा आणि रविवारी दुपारी टिलमनच्या बारमध्ये बायको गायला उभी राहिली की पुढच्या टेबलावर बिनदारूचं जिंजर एल घेऊन बसायचा. असल्या सुखी बाईचं कुणी काय ऐकायचं? लोक टाळ्या वाजवत आणि पुन्हा तळलेल्या माशाकडे वळत.

गाणं मात्र पक्कं होतं. शब्द ती जरा उशिरा सोडायची. ऐकणारा नकळत पुढे सरकायचा आणि मग तो शब्द अलगद ठेक्यात येऊन बसायचा. पियानोवाला क्लीव्ह म्हणायचा की बाकीच्या गायिकांना सांभाळावं लागतं, हिच्यामागे आपल्यालाच ऐकत बसावंसं वाटतं. तिच्या तोंडावर तो हे कधीच बोलला नाही. गायिकेचं कौतुक केलं की ती शेफारते, असं समस्त वादकमंडळींचं मत असतं.

पन्नाशी उलटल्यावर व्हर्डेलची एकच इच्छा उरली होती. आपलं नाव छापलेली एक तरी रेकॉर्ड निघावी. आणि एका रविवारी न्यूयॉर्कचे मिस्टर प्रेस्कॉट हेल बारमध्ये अवतरले. उपेक्षित गायिका शोधून त्यांच्या रेकॉर्डी काढायच्या, हा त्यांचा धंदा. उपेक्षा नेमकी कुणी केली, या चौकशीत ते पडत नसत.

त्यांनी डोळे मिटून गाणं ऐकलं आणि मग व्हर्डेलला तिच्या दुःखाबद्दल विचारलं. तिने बराच विचार करून सांगितलं की एकदा अपेंडिक्स काढलं होतं. हेलसाहेबांचा चेहरा उतरला. तरी पुढच्या रविवारी घरी येतो म्हणाले. घरात तरी काही सापडेल, अशी त्यांना आशा असावी.

ते गेल्यावर क्लीव्हने तोड काढली. ऑगस्टसला एका दुपारपुरतं मारायचं. त्याने स्वयंपाकघरात गप्प बसावं, हेल रेकॉर्डचं पक्कं करून गेले की उठावं. व्हर्डेलला हे मुळीच रुचलं नाही. पण ऑगस्टसच म्हणाला, "अगं, एक दुपार मेलो तर काय बिघडलं? इतकी वर्षं जिवंत राहून तुझ्या गाण्याला माझा काही उपयोग झाला नाही."

हेल रस्त्यात कुणाला विचारतील तर घोळ नको, म्हणून क्लीव्हने न्हाव्याला तेवढं सांगून ठेवलं. न्हाव्याच्या दुकानात सांगितलेली गोष्ट देवळाच्या घंटेला बांधल्यासारखीच. रविवारी चर्च सुटेपर्यंत साऱ्या वस्तीच्या लेखी ऑगस्टस खरोखरच मेला होता. आणि आमच्यात माणूस गेला की आधी रडं येत नाही, आधी जेवण येतं.

हेलसाहेब दिवाणखान्यात टेकतात न टेकतात तोच चर्चमधल्या बायका, म्हणजे आमची सिस्टर मंडळी, आत शिरली. कोंबडी आली, मॅकरोनी आली, कोलार्डची भाजी आली, रताळ्याची गोड पाय-पेस्ट्री ठेवायला तर जागा उरली नाही. व्हर्डेल कुणाला काही सांगायला जाई, तर ती बाई तिला छातीशी धरून तिचं तोंडच बंद करी. सगळ्यांत शेवटी पीचचा गोड कॉब्लर घेऊन सिस्टर ओडेसा क्रम्प आली. तिने तीन नवरे पुरले होते आणि तिघांची आठवण तिला कुठल्याही प्रेतयात्रेत येई. तिने खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि चर्चमधल्यासारखं हुंकारत गायला सुरुवात केली. सूर एका वाटेने, ठेका दुसऱ्या. हेलसाहेब मात्र खुर्चीच्या कडेवर आले.

इतक्यात स्वयंपाकघराचं दार उघडून मृतात्म्याने विचारलं, "व्हर्डेल, काटे-चमचे कुठे ठेवलेस गं?"

दोन सिस्टर किंचाळल्या, एकीने त्याला परत मरायला सांगितलं. व्हर्डेलला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हेलसाहेबांनी मात्र तिकडे बघितलंही नाही. ते ओडेसाला विचारत होते, "आणि तुमचे दुसरे यजमान कसे गेले?"

रेकॉर्ड ओडेसाची ठरली. त्या रात्री व्हर्डेल मोरीचा नळ सोडून रडली, म्हणजे ऑगस्टसला ऐकू जाऊ नये. त्याला ऐकू गेलं.

अडचण अशी की ओडेसाला चर्चच्या गीतांपलीकडे एकही गाणं पाठ नव्हतं आणि चष्मा लावून कागद बघत गायला ती तयार नव्हती. मग क्लीव्ह खाली मान घालून व्हर्डेलच्या दारात आला. पूर्वी चर्चमध्ये गीतांची पुस्तकं नसायची तेव्हा एकजण ओळ आधी बोलून द्यायचा आणि बाकीचे मागून गायचे. तसं कुणीतरी ओडेसाच्या कानाशी करायला हवं होतं.

"सगळी गाणी तुलाच येतात," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का, तू नसलीस तर मला वाजवता येणार नाही. हे आधीच बोलायला हवं होतं मी."

ऑगस्टस म्हणाला, जाऊ नकोस. व्हर्डेल गेली. गाण्याचं वाटोळं होणं तिला बघवलं नसतं. दिवसभर ओडेसाच्या खांद्यामागे उभी राहून तिने एकेक ओळ हलक्या आवाजात बोलून दिली, नेहमीसारखीच, शब्द जरा उशिरा सोडत.

रेकॉर्ड निघाली. वर्तमानपत्रांनी ओडेसाच्या ओळींमधल्या विरामांची तारीफ केली. सोसलेल्या बाईलाच असं थांबता येतं म्हणे. त्या विरामांतली कुजबुज टेपवरून काही पुसली गेली नव्हती. ती गतात्म्यांची हाक असल्याचं हेलसाहेबांनी रेकॉर्डच्या पाकिटावर छापून टाकलं. त्याच पाकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत आभार होते. चहापाण्याची व्यवस्था, मिसेस व्ही. बुकर.

व्हर्डेलने ते वाचलं आणि पाकीट उलटं ठेवलं. ऑगस्टसने रेकॉर्ड लावली आणि आवाजाच्या बटणावर हात ठेवून जवळच बसला. ओडेसा गायला लागली की तो बटण पार खाली फिरवी. तिचं गाणं थांबलं की भिंती दणाणतील इतकं वर नेई.

"पुरे झालं, बंद कर ते," व्हर्डेल म्हणाली.

"थांब," तो म्हणाला, "तुझी ओळ येतेय."